निळ्या नाडीचे बूट

अर्ध मॅरेथॉन म्हणजे एकवीस किलोमीटर. हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं अर्धी आहे तर फार काय असणार? पहिल्यांदा आम्ही धावलो तेव्हा नवव्या किलोमीटरला मी शेजारणीला विचारलं, "आता संपत आली असेल ना गं?" ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी खाली मान घालून पळत राहिले.

धावायचं खूळ आमच्या डोक्यात घातलं ते साखरेने. माझी पन्नाशी उलटली होती. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. मी म्हटलं, डॉक्टर, पहाटेपासून वाडीत मी काय करते? मोगरा खुडते, पडवळीचे वेल चढवते, केळीला पाणी सोडते, हे चालणं नव्हे? ते म्हणाले, नव्हे. मग मी आणि शेजारीण भुईगावच्या किनाऱ्यावर चालायला लागलो. शेजारीण म्हणजे आमच्या कुंपणापलीकडची, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. ते ख्रिश्चन, आम्ही हिंदू, पण दोघींच्या वाडीची विहीर एकच, त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून रोज तोंड बघतोय एकमेकींचं. तिला रक्तदाबाची गोळी, मला साखरेची. दोघी मिळून एक आजारी बाई पुरी व्हायची.

तिसरी आम्हाला किनाऱ्यावरच मिळाली. बोळिंजला नव्या इमारतीत राहणारी, मूळची साताऱ्याकडची, बँकेत नोकरीला. रविवारी स्कूटर घेऊन यायची आणि वाळूवरून सूं सूं पळायची. एकदा आमच्याजवळ थांबली नि म्हणाली, "काकू, एवढं भरभर चालता, मग पळत का नाही?" शेजारीण म्हणाली, "मागे कुत्रा लागला तर पळू." दुसऱ्या रविवारी ही बया खरंच एक कुत्रा दाखवून म्हणाली, "हा बघा, आणलाय." तिथपासून ती आमची.

वाळूवर धावायचं तर तिथी बघावी लागते. पुनवेला आणि अवसेला पहाटे ओहोटी असते, वाळू ओली आणि टणक, पाय रुततच नाही. अष्टमीच्या आसपास पहाटे भरती. तेव्हा किनारा उरतच नाही, मग आम्ही रस्त्याने निर्मळकडे धावायचो. बँकवाली घड्याळ बघायची, आम्ही कॅलेंडर. ती हसायची, पण तिचं वेळापत्रक चुकायचं, आमचं नाही. गिरीजच्या बाजूला मात्र आम्ही कधीच गेलो नाही, कारण तिकडे सकाळी गाड्या फार. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढची सगळी गंमत त्यात आहे. तेव्हा ती गंमत वाटली नव्हती, ते सोडा.

पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट, पायात कॅनव्हासचे बूट. शेजारणीच्या बुटांना निळ्या नाड्या होत्या. पांढऱ्या मळतात म्हणून तिने स्वतः निळ्या आणून घातल्या होत्या. कमरेला पिशवी, तिच्यात सुकेळी. आमच्याकडे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, मधासारखी होतात. एक तुकडा तोंडात धरला की दोन किलोमीटर निघतात. बँकवाली शहरातून कसली कसली गोळ्यांची पाकिटं आणायची. महिन्याभरात तीही सुकेळ्यावर आली.

पहिल्या वर्षी आम्हाला तीन तास चाळीस मिनिटं लागली. पोचलो तेव्हा मैदानात फक्त कुत्री आणि प्यायच्या पाण्याचे उपडे पेले. नियम असा की तीन तासांच्या आत पोचेल त्याला मेडल. दुसरी शर्यत ठाण्याच्या बाजूला होती. तिथे शेजारीण पंधराव्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला बसली. चक्कर आली होती. तोंड पांढरं फट्ट, हात गार. आम्ही तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. गोळी घ्यायला विसरली होती, एवढंच निघालं. पण शेजारचे भाऊ, म्हणजे तिचे यजमान, त्यांनी पंधरा दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं. एस.टी.त वाहक होते ते, निवृत्त झालेले. बोलणं मुळात कमी, त्यात रुसले की भिंतच.

त्यामुळे आमच्याच इकडे शर्यत जाहीर झाली, विरारहून निघून बोळिंज, उमराळे, निर्मळ, भुईगाव, गिरीज करत वसईला संपणारी, तेव्हा शेजारीण म्हणाली, "बाय, तूच विचार ह्यांना. मी विचारलं तर नाही म्हणतील."

मी गेले. भाऊ ओट्यावर विळा परजत बसले होते. मी म्हटलं, "भाऊ, या वेळी घराच्या दारावरूनच जाते शर्यत."

"हं."

"गोळी मी माझ्या डोळ्यांसमोर घ्यायला लावीन."

"हं."

"तिला एकटीला सोडणार नाही. माझा शब्द."

त्यांनी विळा खाली ठेवला. "वहिनी, जशी नेताय तशी आणून द्या. मला दुसरं काही नको."

दिला शब्द. देताना काय जातं आपलं?

खरं सांगायचं तर माझ्या मनात मेडलही होतं. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचं वाचन-लिहिणं सगळं पुडीच्या कागदांवर आणि पोरांच्या पुस्तकांवर झालं. बक्षीस घ्यायला रांगेत कधी उभी राहिले नाही. मुलांना मिळालेले कप मी पुसून पुसून ठेवले. या वेळी सराव चांगला झाला होता. बँकवालीने स्कूटरच्या मीटरवर अंतर मोजून, हिशेब करून सांगितलं होतं, "काकू, तुम्ही दोन तास पंचावन्नला पोचता. लिहून देते." हे मी कुणाला सांगितलं नाही, पण वाडीत मोगरा खुडताना मनात तेच. दोन पंचावन्न, दोन पंचावन्न.

शर्यत रविवारची, म्हणून शेजारीण शनिवारी संध्याकाळचीच मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची प्रार्थना, उरकून आली. फादरनी म्हणे डोक्यावर हात ठेवून विचारलं, "या वयात?" ती म्हणाली, "फादर, वय काय, बसून राहिलं तरी वाढतंच."

पहाटे सहाला सुटलो. थंडी होती, तोंडातून वाफा निघत होत्या. गोळी मी तिला माझ्यासमोर घ्यायला लावली, तोंड उघडून बघितलंसुद्धा. बँकवाली पहिल्या वळणालाच दिसेनाशी झाली. आम्ही दोघी आपल्या बरोबरीने. रस्त्यावर ओळखीचीच माणसं सगळी. उमराळ्याला माझी मावसबहीण फाटकात उभी राहून ओरडली, "अगो, एवढी घाई कसली? गाडी चुकली का?" निर्मळच्या तळ्याशी फुलांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. भुईगावात आमच्या दारात हे तांब्या घेऊन उभे होते, पलीकडे भाऊ. भाऊंनी बायकोला नखशिखांत बघून घेतलं, मग माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे ठीक.

भुईगाव सोडलं आणि शेजारीण मागे पडायला लागली. मी हळू झाले. ती म्हणाली, "तू हो पुढे."

"गप गं."

"अगो बाय, मला काही होत नाहीये. श्वास बघ, बोलतेय ना मी? पाय जड झालेत नुसते. तुझं मेडल जाईल."

"मेडलला काय करायचंय?"

"तोंडाने म्हणतेस. गेला महिनाभर बँकवालीच्या घड्याळाकडे बघतेयस ते दिसतं मला. जा. मागे मागे येतेच आहे मी."

आणि मी गेले. मला कुणी ढकललं नाही. मी तिचा चेहरा नीट बघितला, लाल होता, पांढरा नव्हता, दोनदा विचारलं, आणि गेले. पहिली काही मिनिटं मागे वळून बघत होते. निळ्या नाड्या वरखाली होताना दिसत होत्या. मग गिरीजचं वळण आलं आणि दिसायच्या बंद झाल्या.

पाय काय सुटले होते त्या दिवशी! इतकं हलकं मला तरुणपणीही वाटलं नसेल. अठराव्या किलोमीटरला पाण्याचं टेबल होतं. तिथल्या मुलीला वेळ विचारली. आठ चौतीस. म्हणजे हातात सव्वीस मिनिटं आणि तीन किलोमीटर. आहे तशीच पळत राहिले असते तरी मेडल गळ्यात. पाणी पिता पिता मागून स्कूटरवर एक स्वयंसेवक आला, पट्टा बांधलेला तरुण गडी. म्हणाला, "या काकू या, शाब्बास! तुम्हीच शेवटच्या. आता टेबल उचला रे."

मी म्हटलं, "मी कशी शेवटची? मागे माझी मैत्रीण आहे."

"मागे कुणी नाही काकू."

"असेल. पिवळा ड्रेस."

"मी पार भुईगावपासून येतोय. रस्ता रिकामा आहे. शर्यत सोडून घरी गेल्या असतील."

घरी गेली असेल? घरी कशी जाईल, घर तर मागे भुईगावात, तिकडे वळली असती तर ह्याला वाटेत दिसली असती. डोळ्यांसमोर ठाण्याचा तो रस्ता, तो गार हात. गिरीजच्या अलीकडे एका बाजूला खोल गटार आहे, कडेला झाडी. त्यात पडली असेल तर स्कूटरवरच्याला काय दिसणार? मी त्या गड्याला म्हटलं, "मला मागे सोड." तो म्हणाला, "तसं चालत नाही काकू, धावणाऱ्याला गाडीवर बसवलं तर तुमचा नंबर बाद." नियमाचा पक्का. मी तोंडाने बडबडतच वळले आणि उलटी धावत सुटले.

आता हसू येतं, पण रस्त्यावरच्या लोकांना काय वाटलं असेल! छातीवर नंबर लावलेली बाई, शर्यत वसईकडे आणि ही चालली विरारकडे. सायकलवाले वळून बघत होते. एकाने विचारलं, "आजी, काय विसरलात?" मी म्हटलं, "माणूस!" गटाराच्या कडेला थांबून थांबून आत बघितलं. डोक्यावर मासळीची टोपली घेतलेली एक कोळीण समोरून आली. तिला विचारलं, पिवळ्या ड्रेसवाली बाई दिसली का? ती म्हणाली, "नाय गो बाय. तू पन अशी धापतेस कशाला, पानी तरी पी." मी थांबलेच नाही. मनात एकच, भाऊंना काय सांगू? जशी नेताय तशी आणून द्या. दुसरं काही नको म्हणाले होते. आणि मला काय हवं होतं, तर फितीला लटकवलेला एक पत्रा.

गिरीजच्या वळणाच्या थोडं आत एक फाटक होतं, मागे केळीची बाग, पुढे ओटा. तिथे पहिल्यांदा मला बूट दिसले. ओट्याच्या पायरीखाली, नीट जोडीने लावून ठेवलेले, निळ्या नाडीचे. बाई नाही, नुसते बूट. घरात उचलून नेलं की काय हिला? मग आतून हसणं ऐकू आलं. ते हसणं मी तीस वर्षं विहिरीवर ऐकत आलेय.

मी फाटक ढकललं. शेजारीण ओट्यावर खुर्चीत बसली होती, पाय पुढे लांब केलेले, हातात पेजेची वाटी. समोर दुसऱ्या खुर्चीत तिची विहीण.

तर झालं होतं असं. शेजारणीच्या धाकट्या लेकीचं लग्न होऊन जेमतेम महिना झाला होता. दिली होती गिरीजला, याच घरात. आम्ही इतके महिने सराव केला, पण गिरीजकडे कधी धावलोच नाही, त्यामुळे रस्ता विहिणीच्या दारावरून जातो हे दोघींच्या डोक्यातच आलं नाही. बँकवालीने स्कूटरवरून रस्ता मोजला, पण तिला काय माहीत कोणाची लेक कुठे दिली ते? विहीणबाई फाटकाशी उभ्या राहून शर्यत बघत होत्या. त्यांना पिवळ्या ड्रेसमधून आपली विहीणच येताना दिसली. त्यांनी हाक मारली. आता नव्या सोयरिकीत विहिणीने हाक मारली आणि आपण दारावरून पळून गेलो, तर जन्मभराचं बोलणं. लेकीला तिथे नांदायचंय. बरं, आत जायचं तर पहिल्यांदा जाताना रिकाम्या हाताने जात नाहीत आमच्याकडे. मग या बाईने काय केलं असेल? कमरेच्या पिशवीतली सुकेळ्याची अर्धी खाल्लेली पुडी काढून विहिणीच्या हातात ठेवली. ती पुडी तिथे तिपाईवर बशीत मांडलेली मी डोळ्यांनी बघितली.

मला बघून तिचा चेहरा उतरला. "अगो, तू इथे कशी? मेडल?"

मी पायरीवर बसले, तिचे बूट मांडीवर घेतले आणि रडायला लागले. मोठ्याने, पोरीसारखी. रडता रडता शिव्या घातल्या. "मेलीस म्हटलं मी! गटारं धुंडत आले! तू इथे पेज ढोसतेयस?"

"हाक मारली गं त्यांनी. काय करू?"

"ओरडून सांगायचं की, येते नंतर म्हणून!"

विहीणबाई लाल लुगड्याचा पदर सावरत मध्ये पडल्या. "नंतर कशाला? घर इथे, पोरगी इथे. मी म्हटलं, धावता कुठे? पुढे वसईत काय ठेवलंय?" खरंच, काय ठेवलं होतं?

तेवढ्यात लेक आतून फुगे घेऊन आली. लग्नाकार्यात तळतात ते गोल, गोडसर, कापसासारखे मऊ. म्हणाली, "मावशी, तुम्हीपण बसा. मम्मी, तुला सांगत होते ना, मावशी शोधत येतील." विहीणबाईंनी मला खुर्चीत बसवलंच. आता मीही त्यांच्या दारात आलेली, मला कोण सोडतंय? एक वाटी पेज, तीन फुगे. साखर बिघडली असेल त्या दिवशी, पण असं अन्न मी आयुष्यात खाल्लं नाही. घास तोंडात जात होता, आणि ती समोर जिवंत बसून विहिणीला ठाण्याच्या चक्करेची गोष्ट रंगवून सांगत होती. मी मध्येमध्ये तिच्या मनगटाला हात लावून बघत होते. गरम होतं.

निघताना विहीणबाईंनी केळीचा फणा दिला. रिकाम्या हाताने पाठवत नाहीत ना. तो फणा आलटून पालटून कडेवर घेत आम्ही उरलेलं अंतर चाललो. मधेच थोडं पळायचो, मग केळी नाचायला लागली की परत चालायचो. वाटेत ती एकदाच म्हणाली, "ह्यांना सांगू नकोस, मी तुला पुढे पाठवलं ते." मी म्हटलं, "तू पाठवलंस, पण गेले मी." उन्हं चांगली वर आली होती.

वसईच्या मैदानात पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. कापडी कमान उतरवत होते. बँकवाली गळ्यात मेडल घालून धावत आली आणि दोघींच्या मध्ये घुसून गळ्यातच पडली. तिचेही डोळे सुजलेले. "काकू, कुठे होतात? मी त्या लोकांशी भांडून भांडून घसा बसवला, दोन मेडलं ठेवा म्हणून. नाही ठेवली मेल्यांनी!" मग केळ्यांकडे बघून म्हणाली, "आणि हे काय? बाजारात गेला होतात?"

भाऊ पलीकडे आंब्याखाली खुर्ची टाकून बसले होते, शेजारी सायकल. वेळ टळून गेली म्हणून पायडल मारत वसईपर्यंत आले होते. मला वाटलं होतं की येरझारा घालत असतील, आता भडकतील. ते शांत बसले होते. उठले, बायकोच्या तोंडाकडे बघितलं, फणा हातात घेतला आणि सायकलच्या मागे बांधायला लागले. तिने गिरीजची सगळी हकिकत एका दमात सांगितली. विहीणबाई, पेज, सुकेळी. ते "हं" म्हणाले.

मला राहवेना. मी म्हटलं, "भाऊ, मी हिला सोडून पुढे गेले होते. तीन किलोमीटर राहिले होते तेव्हा कळलं, ही मागे नाही."

शेजारणीने मला चिमटा काढला. भाऊंनी दोरीची गाठ नीट मारली, ओढून बघितली.

"ठाऊक आहे," म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"स्कूटरवरून एक पट्टा बांधलेला पोरगा आला होता. हसत हसत सगळ्यांना सांगत होता, एक बाई उलटी पळत सुटली, घरी दूध गॅसवर राहिलं बहुतेक." त्यांनी सायकल स्टँडवरून काढली. "तोवर मी उभा होतो. ते ऐकलं, मग खुर्ची मागितली आणि बसलो."